तारा सरळ की तिरक्या?

रोबो म्हटले की नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतली मुले वडिलांच्या कारखान्यातल्या यंत्रांबद्दल बोलू लागतात. विज्ञान प्रदर्शनात मात्र हीच मुले काळ्या पट्टीवरून धावणारी, तयार संचातली गाडी घेऊन येतात. संच जोडला, आयता प्रोग्राम बोर्डात भरला, गाडी धावली. पट्टी डावीकडे वळली तर कोणते चाक मंदावते, असे मी विचारले की शांतता पसरते. या शांततेवर मला सापडलेला उतारा म्हणजे व्हॅलेंटिनो ब्राइटेनबर्ग यांचे 1984 साली प्रसिद्ध झालेले 'व्हेइकल्स' हे छोटेसे इंग्रजी पुस्तक.

ब्राइटेनबर्ग हे मेंदूचे अभ्यासक, जर्मनीतल्या ट्युबिंगेनचे. त्यांनी 14 काल्पनिक वाहने रचली आहेत. पहिल्याला एक संवेदक आणि एक मोटर. दुसऱ्याला प्रत्येकी दोन, आणि खरी गंमत इथेच आहे. उजेड वाढला की मोटर जोरात फिरते, असे धरा. उजवा संवेदक उजव्या मोटरला जोडला, तर उजवीकडच्या दिव्यामुळे उजवे चाक वेगात फिरते आणि गाडी डावीकडे पळते. तारा तिरक्या जोडल्या, तर तीच गाडी दिव्यावर चाल करून जाते. लेखक पहिलीला भित्री म्हणतात, दुसरीला आक्रमक. तिसऱ्या वाहनात उजेडाने मोटर मंदावते, म्हणून सरळ तारांची गाडी दिव्याकडे वळून त्याच्याजवळ थांबते. तिच्या वाट्याला 'प्रेम' आले आहे!

या शब्दांवर काही शिक्षक नाक मुरडतील. यंत्राला भीती कसली? माझे मत वेगळे आहे. मुलांना 'ती घाबरली' खुशाल म्हणू द्यावे; मात्र तेच वाक्य लगेच चाके आणि विद्युतप्रवाह यांच्या भाषेत पुन्हा सांगायला लावावे. पुस्तकाचा अर्धा उपयोग या भाषांतरात आहे.

पुस्तकाची उणीव तिथे दिसते जिथे हातात पक्कड येते. घर्षणामुळे पहिले वाहन भरकटते, एवढे लेखक सांगतात; बांधणीची कृती मात्र कुठेच नाही. आम्ही दोन गिअरमोटर, दोन एलडीआर आणि आर्डुइनो उनो घेतला. बोर्डाच्या एका पिनेतून सुरक्षितपणे सुमारे 20 मिलिअँपिअर प्रवाह मिळतो, मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून मध्ये मोटर चालवणारी एल293डी ही आयसी हवीच. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर मोटरी सुरू झाल्या की बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. मोटरींना वेगळे सेल दिले, दोन्हींची ऋण टोके एकत्र जोडली, तेव्हा प्रश्न मिटला. मग मंद उजेडात मोटर नुसती गुणगुणायची, फिरायची नाही. कागदावरची मोटर शून्यापासून वेग घेते, खरी तसे करीत नाही. यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. पुस्तकात याबद्दल एक ओळ असती तर बरे झाले असते.

आता प्रोग्राम. एलडीआरचे वाचन 0 ते 1023 येते, मोटरचा वेग 0 ते 255 मध्ये द्यायचा. म्हणून चाराने भागायचे. डाव्या मोटरला उजव्या एलडीआरचा आकडा दिला की तारा तिरक्या झाल्या, आणि तारेला हात लावावा लागला नाही. 255 मधून आकडा वजा केला की आक्रमक गाडी शोधक होते, दिव्यापासून वळून दूर जाते. प्रोग्राम म्हणजे बदलता येणारी जोडणी, हे मुलांना त्या एका ओळीत कळले. आयत्या प्रोग्रामच्या शंभर ओळींतून ते कळत नाही, कारण तिथे चुकायला जागाच नसते.

लेखकाचे आणखी एक म्हणणे आहे: असे यंत्र बनवणे सोपे, पण नुसत्या वागण्यावरून ते ओळखणे अवघड. हे वर्गात तपासता येते. आम्ही गाडीवर पुठ्ठ्याचा खोका ठेवला आणि दुसऱ्या तुकडीला ती कशी काम करते ते लिहायला सांगितले. एकाने तिला आठवण असते असे लिहिले, दुसऱ्याने आत कॅमेरा आहे असे. एका मुलीने मात्र हातातली बॅटरी लावून आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने उजेड टाकला, चाके पाहिली आणि कागदावर फुली काढली.