खून, खसखस आणि चौकस बायका

रहस्यकथेच्या घराण्यातल्या एका शाखेकडे समीक्षक फारसे वळत नाहीत, पण वाचक तिला सोडत नाहीत. गाव लहान असतं, सगळे सगळ्यांना ओळखून असतात. खून होतो, पण रक्त फारसं दिसत नाही. पोलीस भलत्यालाच धरतात आणि जिला या प्रकरणात कुणी विचारलेलंही नसतं, ती बाई खुनी शोधून काढते. हे सगळं वाचताना हसू येत राहतं. इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी’ म्हणतात आणि प्रवासात वाचायचं पुस्तक म्हणून तो बाजूला सारला जातो. मला हा अन्याय वाटतो. या कथांमधला विनोद वरून घातलेली फोडणी नसतो. ती बाई ज्या नजरेनं शोध घेते, त्या नजरेतूनच तो येतो. ज्या पुस्तकांनी हे नातं जपलं ती टिकली. जिथं ते तुटलं, तिथं साचा उरला.

या नात्याची सुरुवात ॲगाथा ख्रिस्तीच्याही आधी झाली. ॲना कॅथरिन ग्रीन या अमेरिकन लेखिकेनं १८९७ मध्ये ‘दॅट अफेअर नेक्स्ट डोअर’ लिहिली. तिची नायिका अमेलिया बटरवर्थ ही न्यूयॉर्कमधली खानदानी, अविवाहित, प्रौढ बाई. मध्यरात्री खिडकीतून ती शेजारच्या बंद घरात एक जोडपं शिरताना पाहते आणि तिथून तिचा तपास सुरू होतो. आपण भोचक नाही हे ती पुनःपुन्हा बजावते, आणि दर वेळी तिचा भोचकपणा थोडा अधिक उघडा पडतो. पण याच भोचकपणामुळे पोलिसांच्या हाती न लागलेल्या गोष्टी तिच्या हाती लागतात. हसू आणि शोध यांचा उगम एकच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये या बाईला मोठा सामाजिक आधार मिळाला. १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे १७ लाखांनी जास्त निघाल्या. लग्न न झालेल्या बायकांना वर्तमानपत्रं उघडपणे ‘जास्तीच्या’ म्हणू लागली. डोरोथी सेयर्सनं १९२७ च्या ‘अननॅचरल डेथ’मध्ये या ‘जास्तीच्या’ बाईलाच कामाला लावलं. तिची मिस क्लिम्पसन लहान गावात राहून, चहापानाला जाऊन, गप्पा मारून माहिती काढते. अशा बाईनं प्रश्न विचारले, तर त्यात कुणाला वावगं वाटत नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ख्रिस्तीची मिस मार्पल एका लघुकथेतून अवतरली आणि १९३० मध्ये ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ या कादंबरीत ती सेंट मेरी मीड गावात स्थिरावली. ही कादंबरी गावचा पाद्री सांगतो. त्याचा सोशिक, मिश्कील आवाज पुस्तकभर आहे. ज्याच्या मरणानं जगाचं भलंच होईल असं तो जेवताना बोलून जातो, तोच कर्नल पुढे त्याच्याच अभ्यासिकेत मेलेला सापडतो. शेजारच्या बागेतली मार्पलबाई पक्षी बघण्याच्या निमित्तानं दुर्बीण लावून असते. मोलकरीण, पोस्टमन, कसाई यांच्या आठवणींशी ताडून ती माणसाची जात ओळखते. ऐकणारे तिला हसतात. ते हसण्यात गुंतलेले असतात, तोवर तिचा तर्क पूर्ण झालेला असतो.

या परंपरेतली सर्वांत समृद्ध कादंबरी मला ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ (१९५०) वाटते. स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात येते: अमुक घरात, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला खून होणार आहे. शेजारी एकेक करून काहीबाही निमित्त काढून तिथं हजर होतात. हा प्रवेश रंगमंचावरच्या प्रहसनासारखा रंगतो, पण त्याच्या तळाशी युद्धोत्तर इंग्लंड आहे. रेशन, कोळशाची टंचाई, परागंदा होऊन आलेली स्वयंपाकीण, आणि शेजारी राहायला आलेला माणूस खरोखर कोण आहे हे सांगणारं कुणी न उरलेलं गाव. घरात आश्रयाला असलेली डोरा बनर विसराळू, बडबडी, भाबडी आहे. वाचक तिला सहज हसतो. तिच्या वाढदिवसाला त्या टंचाईतही सुरेख चॉकलेट केक होतो आणि घरातला तरुण त्याला गमतीनं मृत्यूचं नाव देतो. त्यानंतर डोरा मरते. आपण जिला हसत होतो ती हयातभर प्रेमाला भुकेली होती, हे तेव्हा जाणवतं. मिस मार्पललाही हा मृत्यू झोंबतो. विनोदानं आपल्याला डोराजवळ नेलेलं असतं, म्हणून तिचं जाणं लागतं. या प्रकाराची खरी ताकद इथं दिसते.

या प्रकारावर आक्षेप घेणारे मोठे होते. रहस्यकथाकार रेमंड चँडलरनं १९४४ मध्ये या इंग्रजी धाटणीवर कृत्रिमतेचा ठपका ठेवला. ज्यांच्याकडे खुनाला खरं कारण असतं अशा माणसांच्या हाती तो परत द्यायला हवा, असा त्याचा आग्रह होता. १९४५ मध्ये समीक्षक एडमंड विल्सननं ख्रिस्तीच्या कादंबरीतल्या रॉजर ॲक्रॉइडला कुणी मारलं याची फिकीर कुणाला, असं मथळ्यातच विचारलं. तिसऱ्या बाजूनं कवी डब्ल्यू. एच. ऑडेननं १९४८ मध्ये, आपल्याला या कथांचं व्यसन असल्याचं मान्य करून, निष्पाप समाजाला लागलेला डाग धुऊन निघण्याचं समाधान त्या देतात असं मांडलं. तिघांच्या चर्चेत बाईच्या नजरेला आणि हसण्याला मात्र फारशी जागा मिळाली नाही.

अमेरिकेत १९८४ ते १९९६ अशी बारा पर्वं चाललेल्या ‘मर्डर, शी रोट’ मालिकेनं या प्रकाराला घराघरांत नेलं. अँजेला लॅन्सबरीची जेसिका फ्लेचर ही विधवा, निवृत्त शिक्षिका आणि रहस्यकथा-लेखिका. साठीकडे झुकलेली बाई मालिकेच्या केंद्रस्थानी होती आणि तिला प्रेमप्रकरणाची गरज पडली नाही. १९८६ मध्ये लेखिकांना परीक्षणांत मिळणाऱ्या दुय्यम वागणुकीविरुद्ध ‘सिस्टर्स इन क्राइम’ ही संघटना उभी राहिली. १९८९ मध्ये ‘मॅलिस डोमेस्टिक’ हे या कथांचं संमेलन सुरू झालं. तिथल्या ‘ॲगाथा’ पुरस्काराचं सन्मानचिन्ह म्हणजे चहाची किटली.

नव्वदीत या मळ्यात भरघोस पीक आलं. डायान मॉट डेव्हिडसनची गोल्डी केटरिंगचा व्यवसाय करते आणि पुस्तकात पाककृती असतात. पण मारहाण करणाऱ्या डॉक्टर नवऱ्यापासून सुटून तिनं हा व्यवसाय उभा केला आहे, म्हणून त्या पाककृतींना वजन येतं. एम. सी. बीटनची ॲगाथा रेझिन (१९९२) लंडनमधला जनसंपर्काचा व्यवसाय विकून कॉट्सवोल्ड्समधल्या खेड्यात येते आणि गावात मान मिळावा म्हणून पाककलेच्या स्पर्धेत दुकानातून आणलेला किश स्वतःचा म्हणून ठेवते. परीक्षक तो खाऊन मरतो. तुसडी, एकटी, मान मिळवायला आतुर झालेली ही बाई हास्यास्पद आहे, तितकीच खरी आहे. डोना अँड्र्यूजच्या ‘मर्डर विथ पीकॉक्स’मध्ये (१९९९) लोहारकाम करणारी मेग एकाच उन्हाळ्यात तीन लग्नांची करवली असते. लग्नघरातली प्रत्येक जबाबदारी तिच्यावर पडते, म्हणून प्रत्येक घरात तिला मुक्त प्रवेश मिळतो.

पुढे मात्र यशाचा साचा झाला. बेकरी, लोकरीचं दुकान, मांजर, कोटीबाज शीर्षक आणि देखणा पोलीस अधिकारी. मरणारा असा निवडलेला, की कुणालाच दुःख होऊ नये. नायिका पाहण्याऐवजी धडपडू लागली आणि तिच्या धांदरटपणावर हसायचं असं ठरून गेलं. चँडलरचा आक्षेप या पुस्तकांना पुरेपूर लागू पडतो.

गेल्या काही वर्षांत चित्र पुन्हा बदललं आहे. रिचर्ड ऑस्मनच्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’नं (२०२०) वृद्ध निवासातल्या चौघांना तपासाला बसवलं. त्यातली एलिझाबेथ मुरलेली गुप्तहेर आहे. खरी हौशी शोधक म्हणजे माजी नर्स जॉइस. तिच्या डायरीतली साधी, भरकटणारी वाक्यं हसवतात आणि नेमकं काय पाहायचं ते दाखवतात. शेजारीच एलिझाबेथच्या नवऱ्याची विरत चाललेली स्मृती आहे. जेसी क्यू. सुतांतोच्या कादंबरीतली (२०२३) साठीची व्हेरा वाँग सॅन फ्रान्सिस्कोत चहाचं दुकान चालवते. दुकानात प्रेत सापडल्यावर ती पोलिसांवर विसंबत नाही. संशयितांना बोलावून जेवायला घालते, त्यांना रागावते, त्यांचे संसार सावरते. परक्या देशात एकट्या पडलेल्या आईची भूक या आग्रहामागे आहे.

आपल्या मातीशी जवळचा धागा सुजाता मॅसीच्या कादंबरीत आहे. १९२१ च्या मुंबईतली तिची पेरवीन मिस्त्री वकील आहे. मलबार हिलवरच्या पडदानशीन विधवांपर्यंत पुरुष पोचू शकत नाहीत, ती पोचते. या पात्रामागे नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. कादंबरीचा सूर गंभीर आहे, पण स्त्रीला मिळणारा आतला प्रवेश हे सूत्र तेच.

मराठीत रहस्यकथेची परंपरा दांडगी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी पिढ्यान् पिढ्या वाचक घडवले. ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकानं ही कथा जिवंत ठेवली. विनोदाची परंपरा चिं. वि. जोशींपासून मंगला गोडबोले यांच्यापर्यंत मध्यमवर्गीय घराच्या आतून वाहते. पण या दोन प्रवाहांचा संगम एका चौकस बाईपाशी झालेला माझ्या वाचनात फारसा आलेला नाही. वास्तविक हळदीकुंकू, भिशी, महिला मंडळ, सोसायटीची वार्षिक सभा या जागांवर माहिती जितकी फिरते तितकी पोलीस ठाण्यातही फिरत नाही. कोणाच्या घरी दूध जास्त घेतलं, कोण अचानक गॅलरीत यायची थांबली, हे जिला माहीत असतं, तिला आपण ‘काकू, तुम्ही बसा’ म्हणून बाजूला करतो.

मराठी लेखकांनी या काकूंना कथेच्या मध्यभागी आणावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र विनोद तिच्या बुद्धीतून यावा, तिच्या फजितीतून नव्हे. आणि मेलेल्या माणसासाठी निदान एका पात्राच्या घशाशी आवंढा यावा. या दोन अटी पाळल्या, तर हा प्रकार करमणुकीच्या पलीकडे जाऊन आपल्या वाड्या-वसाहतींचा खरा इतिहास सांगू शकेल.