‘द डॉक्टर्स डिलेमा’ : निवड कोणाची, निकष कोणाचा?

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे हे नाटक १९०६ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये प्रथम सादर झाले. सर कोलेन्सो रिजन यांनी क्षयावर नवा उपचार शोधला आहे, पण त्यांच्याकडे फक्त दहा रुग्णांची सोय आहे. फार तर आणखी एक रुग्ण घेता येईल. ती जागा लबाड पण प्रतिभावान चित्रकार लुई ड्युबेडॅटला द्यावी, की ब्लेंकिन्सॉप या गरीब, सचोटीच्या डॉक्टरला?

या नाटकाची चर्चा बहुधा ‘कला मोठी की चारित्र्य?’ या प्रश्नापाशी थांबते. पण रिजन लुईच्या पत्नीच्या, जेनिफरच्या, प्रेमात आहेत. ते ब्लेंकिन्सॉपला निवडतात आणि लुईला अशा डॉक्टरकडे सोपवतात, ज्याच्या हातून तो दगावेल. निर्णय वरकरणी नैतिक दिसतो, मात्र त्यामागे स्वार्थ असतो. ‘लायकी’ मोजता येत नाही, म्हणूनच निवडणाऱ्याचा स्वार्थ तिच्याआड सहज लपतो.

नाटकाची मर्यादाही इथेच आहे. पहिले दहा रुग्ण पन्नासांतून लायकी पाहूनच निवडलेले होते. उरलेले चाळीस रंगमंचावर येतच नाहीत. शॉ एका डॉक्टरचा हेतू उघडा पाडतात, पण त्या चाळीसांनी दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न कथानकात उमटत नाही.

केवळ समिती नेमूनही तो सुटत नाही. अमेरिकेतील सिॲटल येथे १९६० च्या दशकात डायलिसिससाठी रुग्ण निवडणाऱ्या समितीनेही सामाजिक प्रतिष्ठा विचारात घेतली होती. निकष आधी जाहीर असणे आणि नाकारलेल्या रुग्णाला कारण कळणे, ही न्याय्य निवडीची किमान अट आहे.