दुसऱ्या दिवशीची सकाळ

साहित्य महोत्सवांविषयी छापून येणारे लेखन वाचताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. कोण कोण आले, गर्दी किती झाली, कोणत्या सत्रात वाद पेटला, पुस्तके किती खपली, एवढे सांगून ते थांबते. समीक्षा व्यासपीठाची होते. समोरच्या खुर्च्यांची होत नाही. कादंबरीचा समीक्षक तिची रचना पाहतो, नाटकाचा समीक्षक प्रयोग पाहतो. मग महोत्सवाची रचना कुठे पाहायची? माझ्या मते, ऐकणाऱ्याला तिथे काय करायला मिळते यात. अभिवाचन, नाटक, कथाकथन सगळीकडेच असते. ते संपल्यावर श्रोत्याचे पुढे काय होते, यावर एक महोत्सव दुसऱ्याहून वेगळा ठरतो.

हा निकष मला हेग्गोडूत सापडला. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात, सागर तालुक्यात, सुपारीच्या बागांमधले हे लहानसे गाव. इथे १९४९ मध्ये गावातल्या हौशी मंडळींनी नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ काढला. त्याचेच संक्षिप्त नाव नीनासम. के. व्ही. सुब्बण्णा यांनी त्याला आकार दिला. ते स्वतः सुपारीचे बागायतदार, नाटककार, अनुवादक आणि प्रकाशक. १९९१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तरी ते राहिले हेग्गोडूतच. संस्थेने आधी फिल्म सोसायटी चालवली, १९८० मध्ये नाट्यशाळा सुरू केली आणि १९८५ पासून ‘तिरुगाट’ हे फिरते नाट्यपथक कर्नाटकभर पाठवले. चित्रपट रसास्वादाच्या शिबिरांसाठी पुण्याहून सतीश बहादूर हेग्गोडूला जात. त्या शिबिरांच्याच वाटेवर पुढे दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास भरणारे संस्कृती शिबिर उभे राहिले.

‘शिबिर’ हा शब्द अनुवादक म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. संमेलनाला माणूस जातो, महोत्सवात हिंडतो, शिबिरात मात्र राहतो. इथे आलेला शिक्षक, बँकेतला कर्मचारी, विद्यार्थी, शेतकरी पहिल्या दिवशी येतो तो शेवटपर्यंत असतो. एका मांडवातून उठून दुसऱ्या मांडवात जाण्याची सोय नाही, कारण दुसरा मांडवच नाही. दिवसा व्याख्याने आणि वाचने, संध्याकाळी शिवराम कारंतांच्या नावाच्या रंगमंदिरात प्रयोग. प्रयोगाला गावही येते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच प्रयोगावर चर्चा.

या सकाळीच मला शिबिराची खरी कारागिरी दिसते. रात्री नाटक पाहून माणूस झोपतो, उठतो, चहा घेतो आणि मग बोलतो. प्रयोग संपताक्षणी माइक हातात आल्यावर जे बोलले जाते ते बहुधा आभारप्रदर्शन असते किंवा स्वतःचेच भाषण. एक रात्र मध्ये गेली की प्रश्न उरतो.

मी गेले त्या वर्षी एका संस्कृत नाटकाचा कन्नड प्रयोग झाला होता. मला कन्नड थोडे समजते, बोलता येत नाही. शेजारची एक विद्यार्थिनी माझ्या कानाशी हिंदीत सांगत होती. सकाळी एका शाळाशिक्षकाने विचारले, “राजा आणि त्याचा नोकर सारखेच कन्नड का बोलतात? आमच्या गावात तर असे होत नाही.” त्यांनी मूळ संस्कृत वाचलेले नव्हते. पण मूळ नाटकात राजा संस्कृत बोलतो, नोकर आणि बहुतेक स्त्रिया प्राकृत. अनुवादात पुसला गेलेला भेद त्यांना केवळ आपल्या कानाच्या जोरावर ऐकू आला होता. मग पाऊण तास बोलणे चालले ते यावर: नोकराला कोणते कन्नड द्यायचे? सागरचे, धारवाडचे की मंगळुरूचे? त्या त्या बोलीचा माणूस प्रेक्षकांत बसला असेल तर तो आपली बोली ऐकून सुखावेल की दुखावेल? अनुवादाच्या अभ्यासक्रमात आम्ही हाच प्रश्न पारिभाषिक शब्दांत शिकलो होतो. तिथे तो सोडवायला दिलेले गणित होता. इथे तो विचारणाऱ्याच्या तोंडच्या भाषेचा होता.

तिरुगाटची नवी नाटके दौऱ्यावर निघण्याआधी याच सुमारास हेग्गोडूत होतात, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. नट ही चर्चा ऐकतात आणि मग गावोगाव जातात. म्हणजे प्रेक्षकाचा शब्द प्रयोगाच्या पोटात जाण्याची शक्यता तरी असते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीला झाले. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसे काही करायला सांगितले, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आले. मराठी नाटकाच्या प्रारंभाची ही नेहमी सांगितली जाणारी हकीकत. तिच्याकडे मी वेगळ्या अंगाने पाहते. एका कन्नड खेळाला एका मराठी प्रेक्षकाने दिलेले उत्तर म्हणजे आपले पहिले नाटक. प्रेक्षक गप्प बसला असता तर?

शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनालाही उत्तर मिळे. हशा हे उत्तरच असते, आणि कुठे थांबायचे, कुठला शब्द लांबवायचा हे त्या हशावरून कथाकाराला कळते. पण हसू न आलेल्या श्रोत्याला तिथे काही म्हणायची जागा नव्हती. आमच्या संमेलनांतही ती फारशी नाही. परिसंवादात वक्ते सहा-सात, वेळ दीड तास. अध्यक्षांचा समारोप होईपर्यंत जेवणाची वेळ झालेली असते. ज्यांना मूलभूत काही म्हणायचे होते त्यांनी ते बाहेरून म्हटले. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेला पत्र लिहून यायला नकार दिला. १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. १९९९ मध्ये धारावीत विद्रोही संमेलन झाले. मराठीत सर्वांत मोलाची उत्तरे वेगळ्या मांडवातून आली, कारण मूळ मांडवात दुसऱ्या दिवशीची सकाळच नव्हती.

मग हेग्गोडूच्या मांडवात ती सगळ्यांसाठी आहे का? इथे माझे कौतुक अडखळते. हा बागायतीचा मुलूख, हव्यक ब्राह्मणांची वस्ती मोठी. कामधंदा सोडून काही दिवस शिबिरात राहणे ज्याला परवडते तोच चर्चेच्या वर्तुळात बसतो. संध्याकाळी नाटकाला आलेले गाव सकाळी बागेत, शेतात, कामावर गेलेले असते. संस्थेने ‘जनस्पंदन’ उपक्रमातून खेडोपाडी नाटक आणि चित्रपट नेले, हे खरे. पण आपण लोकांकडे जाणे आणि लोकांनी आपल्याला उलट विचारणे यात अंतर आहे. शिवाय ही रीत सुशिक्षित बोलक्या माणसाला सोयीची आहे. त्या सकाळी शिक्षक बोलले. माझ्या शेजारची विद्यार्थिनी, जिने रात्रभर माझ्यासाठी कन्नडचे हिंदी केले, ती एक शब्दही बोलली नाही. नाटकाचे शब्दन्‌शब्द जिच्या तोंडून गेले, तिला काय खटकले होते हे कोणी विचारले नाही.

तरीही हा दोष दिसतो तो सकाळ आहे म्हणूनच. जिथे फक्त टाळ्या असतात तिथे कोण गप्प राहिले हे मोजताच येत नाही.

अलीकडे या शिबिराला ‘कलेगळ संगड मातुकते’ असे नाव मिळाले: कलांच्या संगतीत गप्पा. ‘मातु’ म्हणजे बोल, ‘कते’ म्हणजे कथा. मी हा शब्द मराठीत आणायला गेले तेव्हा ‘संवाद’ फार औपचारिक वाटला, ‘चर्चा’ कोरडी. ‘बोलणेचालणे’ जवळचे वाटते, कारण त्यात एकट्याला जागा नाही. दोन घरांचे बोलणेचालणे असते किंवा बंद पडते.

आपल्याकडच्या आयोजकांनी हेग्गोडूची नक्कल करावी असे मी म्हणणार नाही. तीन दिवसांत हजारोंची ये-जा असते, तिथे ते शक्यही नाही. पण एका नाटकाला, एका कथाकथनाला, एका कवीच्या वाचनाला दुसऱ्या दिवशीचा एक तास देता येईल. त्या तासाला व्यासपीठ नको, अध्यक्ष नको, हारतुरे नकोत. आदल्या रात्रीचा कलावंत खाली खुर्चीत बसलेला असावा आणि पहिला शब्द अशा माणसाला मिळावा, ज्याला तो एरवी मिळत नाही.