कॉमिक्स वाचायला कुठून घ्यावीत?

भारतीय कॉमिक्स ओळखली जातात नायकांच्या नावाने, आणि शिफारसही त्याच नावाने होते. पण एकाच मालिकेतले अंक दर्जाने इतके वरखाली असतात, की चित्रकार पाहून निवड करणेच श्रेयस्कर.

बऱ्याच वर्षांनी परतलेला वाचक आधी वेताळ शोधतो. १९६४ साली सुरू होऊन १९९० मध्ये थांबलेल्या इंद्रजाल कॉमिक्सने ली फॉकचा हा नायक मराठीतही आणला. चित्रकार विल्सन मॅकॉयचा वेताळ साध्या, सपाट रेषांचा. १९६१ मध्ये साय बॅरी आला आणि जंगलाला खोली, कवटीच्या गुहेला सावल्या मिळाल्या. जुने अंक मिळाले तर बॅरीचे आधी घ्यावेत. मात्र मोठेपणी पुन्हा वाचताना जास्त समाधान देतो तो इंद्रजालचाच 'बहादूर'. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये घडवलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला हा डाकूचा मुलगा भगवा कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंशीच लढतो. त्याच्या गोष्टींतली गावे आणि माणसे इथलीच आहेत.

नव्या वाचकाला अनंत पै यांची 'अमर चित्रकथा' (१९६७) सोपी पडते, कारण बहुतेक अंक स्वयंपूर्ण आहेत. सुरुवात राम वाईरकरांच्या 'कृष्ण'पासून करावी. याच मालिकेतले दुसरे चित्रकार प्रताप मुळीक यांचा हात आवडला, तर पुढे १९८६ मध्ये त्यांनीच रेखाटलेला राज कॉमिक्सचा नागराज हिंदीत वाचता येतो. 'अमर चित्रकथे'त नायक उजळ आणि असुर काळे रंगवण्याची खोड आहे. ती किरकोळ नाही, म्हणूनच वाचन तिथे थांबू नये.

पुढचा टप्पा 'भीमायन' (२०११). दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी डॉ. आंबेडकरांचे अनुभव चितारताना चौकटी टाळल्या. पान विभागले ते भिंतीवरच्या दिग्ना नक्षीने. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते आणि मनातल्या विचाराला डोळा. महाडच्या सभेत ध्वनिक्षेपकांमधून शब्दांऐवजी पाण्याच्या धारा श्रोत्यांवर पडतात. चवदार तळ्याचा संघर्ष इतक्या थेटपणे गद्याला क्वचितच सांगता येतो. कॉमिक्स हा मुलांचा विरंगुळा आहे असे मानणाऱ्या वाचकाच्या हाती हेच पुस्तक पहिले द्यावे.

यानंतर नर्मदेवरचे ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' (१९९४) आणि अमृता पाटील यांचे 'कारी' (२००८). दोन्ही इंग्रजीत आहेत. मराठीत मात्र अंकामागून अंक वाचत जावे अशी मूळ मालिका सहजी सुचवता येत नाही. महात्मा फुले यांच्या 'गुलामगिरी'वर बेतलेले 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' (२०११) हे चित्रपुस्तकही इंग्रजीतच लिहिले गेले.