तीन तिघाडा

मराठी भाषेचं आणि तीन या आकड्याचं नेमकं काय बिनसलं आहे, याची एकदा चौकशी व्हायला हवी. संस्कृतातून आलेला तीन आमच्याकडे सोवळ्यात वावरतो: त्रिमूर्ती, त्रिवेणी, त्रिदल. तोच घरातल्या मराठीत उतरला, की त्याचे तीन तेरा वाजतात. काम अडलं की त्रांगडं, ज्याला कुणी विचारत नाही तो तीनात ना तेरात. ‘त्रेधा’ म्हणजे मुळात ‘तीन प्रकारे’, एवढंच. तिरपीट तिच्या गळ्यात आपण बांधली. हिरडा, बेहडा नि आवळा चूर्णाच्या डबीत गुण्यागोविंदानं नांदतात. क्रिकेटच्या बातमीत मात्र त्रिफळा ‘उडतो’!

या कटाची म्होरकी म्हणजे ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण. परीक्षकाच्या नजरेनं पाहिलं तर यमकाला पैकीच्या पैकी, पुराव्याला शून्य. चार झाले की चौघडा वाजतो. तिघाडाला जुळायला मात्र ‘बिघाडा’च सापडला, म्हणून बिचारा तीन बदनाम. २०१९ साली राज्यात तीन पक्षांचं सरकार आलं, तेव्हा विरोधकांनी त्याला ‘तीनचाकी रिक्षा’ म्हणून हिणवलं. जुलै २०२३ मध्ये त्यांच्याही सरकारात तीन पक्ष झाले, तेव्हा त्याचं नाव ‘ट्रिपल इंजिन’ पडलं. म्हणजे दोष आकड्यात नव्हता!

जयगडला ही म्हण फार पाळत. खाडीपलीकडे तवसाळला जायला माणसं तीन भरली, की शेजारच्या काकू अंगणातला खडा उचलून कुणाच्या तरी खिशात घालायच्या. हा चौथा! वडील होते तोवर आम्हाला खड्याची गरज पडली नाही. आम्ही चौघं होतो. ते गेले त्या वर्षी आई, बहीण आणि मी निघालो, तर काकूंनी सवयीनं खडा पुढे केला. आई म्हणाली, “राहू दे, काकू. त्यांच्या जागी दगड नको.”

आम्ही तिघंच तरीत बसलो. बहिणीचं लग्न त्याच खेपेत ठरलं, आणि ते अजून टिकून आहे.

बाकी पुरावा रोजच्या पायाखालचा. कोकणातला निम्मा व्यवहार तिठ्यावर चालतो. चाफ्याचा तिठा नसता, तर निवळीहून गणपतीपुळ्याला निघालेला माणूस मुकाट जयगडला पोचला असता. तिवई कसल्याही ओबडधोबड जमिनीवर ठेवा, तिचे तिन्ही पाय टेकतात. चार पायांच्या टेबलाखाली कागदाची घडी सारावी लागते. चूलही तीन दगडांची. चौथा लावून बघा, भांडं हटकून डुगडुगेल.

तेव्हा म्हणींचा कोश पुन्हा छापायला काढाल, तेव्हा या म्हणीपुढे कंसात एवढं घाला: चुलीला लागू नाही. आणि जागा उरलीच, तर जयगडच्या एका घरालाही.