श्यामची ज्ञानलालसा आणि पडद्यावरची आई

‘श्यामची आई’ ही मातृप्रेमाची कथा म्हणून मराठी मनात इतकी रुजली आहे की, तिच्यात एका दरिद्री मुलाच्या शिकण्याच्या भुकेचीही कथा दडलेली आहे याकडे समीक्षेचेही दुर्लक्ष व्हावे. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ हे प्रकरण या दृष्टीने कळीचे ठरते. मोठे व्हायचे तर वाचले पाहिजे, आणि पुस्तकांना पैसे नाहीत; म्हणून श्याम घरी आलेल्या पाहुण्याच्या खिशातील पैसे उचलतो. आईच्या संस्कारशील न्यायासनापुढे निवाडा होतो तो चोरीचा. गरिबाच्या मुलाला पुस्तक कोणी द्यायचे, हा प्रश्न मात्र संहिता उपस्थित करते आणि अनुत्तरित ठेवते.

त्याचे उत्तर कोकणात नव्हे, खानदेशात शोधावे लागते. पालगडचे साने गुरुजी १९२३ मध्ये अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ ते १९३० या काळात तेथील हायस्कुलात शिक्षक व छात्रालयाचे चालक होते. ‘छात्रालय’ हे त्यांचे हस्तलिखित दैनिक म्हणजे वाचनासाठी आसुसलेल्या मुलांपुढे विनामूल्य ठेवलेले ताजे वाचनच होते. ज्याला स्वतःला पुस्तकासाठी चोरी करावी लागली, त्याने ही व्यवस्था निर्माण करावी, हा केवळ चरित्रात्मक योगायोग मानता येत नाही. ‘श्यामची आई’चा निवेदक मूलतः छात्रालयातील शिक्षक आहे, भोवती ऐकणारे आहेत, म्हणूनच तो सांगतो.

धुळ्याचा तुरुंग हा या निवेदनरूपाचा दुसरा धागा. १९३२ च्या फेब्रुवारी ते जून या काळात विनोबांनी तेथे दर रविवारी एक अशी अठरा गीता-प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पुढच्याच वर्षी, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली, तीही रात्रीमागून रात्र सांगितलेल्या कथनाच्या रूपात. धुळ्याचा श्रोता नाशिकला वक्ता झाला, असे अनुमान अवाजवी ठरू नये.

आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम यांच्यातील भावबंध आजही निस्तेज झालेला नाही. त्याबाबत दुमत नाही. परंतु माध्यमांतरात सांगणारा शिक्षक मागे सरला आणि सांगितलेली आईच तेवढी उरली. विशेष म्हणजे अत्रे स्वतः लंडनहून अध्यापनाची पदविका घेऊन आलेले, मुख्याध्यापक राहिलेले, ‘नवयुग वाचनमाला’ घडविणारे. तरीही त्यांच्या चित्रपटातील शाळा लोकस्मृतीत राहिली ती छडीच्या गमतीदार गाण्यापुरती. स्नेहसंमेलनांतून ते गाणे पिढ्यान्‌पिढ्या नाचले गेले. शाळा हा विनोद आणि घर हे विद्यापीठ, अशी ही वाटणी.

या वाटणीची किंमत शेवटी दिसते. आई जाते तेव्हा श्याम शिक्षणासाठी दूर आहे. शिकण्याची ओढच त्याला तिच्या अखेरच्या क्षणांपासून वंचित करते. पुस्तकातील शोकाला हा अपराधभावाचा पदर आहे. पडद्यावर शोक पूर्णत्वाने येतो, त्यातील हे द्वंद्व विरळ होते. प्रेक्षक आईसाठी रडतो. औंधच्या उपासमारीचा श्याम तर ‘धडपडणारा श्याम’मध्येच राहिला.

सुजय डहाके यांचा २०२३ चा कृष्णधवल ‘श्यामची आई’ या संदर्भात लक्षणीय आहे. ओम भूतकर यांच्या रूपाने प्रौढ साने गुरुजी त्यात अवतरले. म्हणजे निवेदक पडद्यावर परतला. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मात्र परतला तो प्रामुख्याने स्वातंत्र्यसैनिक. तुरुंगाला स्वभावतःच नाट्य असते; मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहिणाऱ्या शिक्षकाच्या कृतीला ते नसते, किंवा ते शोधावे लागते. ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत छात्रालयाचे ते विश्व साने गुरुजींनीच शब्दबद्ध करून ठेवले आहे. पण आईच्या कथेला दोनदा लाभलेले भाग्य अमळनेरच्या त्या मुलांच्या वाट्याला आलेले नाही.