वीस मीटरची पट्टी आणि तीस हजार सह्या

मेलबर्नमध्ये पार्लमेंट हाउसजवळ बर्स्टन रिझर्व्ह नावाची हिरवळ आहे. तिथे गुंडाळी सोडून द्यावी तशी एक पांढरी पोलादी पट्टी पसरलेली दिसते. लांबी २० मीटर. 'ग्रेट पिटिशन' हे या शिल्पाचे नाव. सुझन ह्युइट व पेनेलपी ली या दोघी कलावतींनी ते घडविले. व्हिक्टोरिया राज्यातील स्त्रियांना मताधिकार मिळाला १९०८ साली. त्याच्या शताब्दीला, २००८ मध्ये, ते उभे राहिले. पाहुण्यांना घेऊन आम्ही तिथे गेलो की कोणीतरी विचारतेच, "हा सेफेर तर नव्हे?"

सेफेर नव्हे, पण विचारणाऱ्याचे अगदीच चुकते असेही नाही. १८९१ साली स्त्रियांनी दारोदार फिरून अवघ्या सहा आठवड्यांत सुमारे ३०,००० सह्या जमविल्या आणि ते कागद एकाला एक जोडून २६० मीटर लांबीची गुंडाळी पार्लमेंटपुढे ठेवली. आजही ती सरकारी दप्तरखान्यात जपलेली आहे. ती उलगडायला तिघांना तीन तास लागतात! पुरीमला, म्हणजे आपल्या आजीपणजीच्या 'होळीच्या सणाला', एस्तेर राणीची मेगिल्ला उलगडताना पाहिलेल्या माणसाला गुंडाळीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. कलावतींनी पुतळा टाळून गुंडाळी निवडली, हे आम्हांला फार पटले.

त्या सह्या गोळा करणाऱ्यांत आपल्या आईबरोबर फिरणारी एक तरुणी होती, व्हिडा गोल्डस्टीन. आडनाव वाचून आपल्यापैकी काहींचे कान टवकारतील. वडिलांच्या घराण्यात यहुदी रक्त होते खरे, पण व्हिडाबाई स्वतः पुढे क्रिश्चन सायन्स पंथात गेल्या. तेव्हा त्यांना उगाच आपल्यात ओढू नये. १९०३ साली त्या सिनेटच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या. पडल्या, पण ५१,४९७ मते घेऊन. त्यानंतरही चार वेळा उभ्या राहिल्या, चारही वेळा पडल्या, आणि महायुद्धाच्या ऐन धामधुमीत युद्धाविरुद्ध बोलत राहिल्या. त्यांच्या नावाचा लोकसभा मतदारसंघ निघाला तो १९८४ साली, त्या वारल्यावर ३५ वर्षांनी.

आता आमची तक्रार. मूळ गुंडाळीचे सारे मोल सह्यांत आहे. कोणाचे अक्षर ठसठशीत, कोणाचे थरथरते, शेजारी घराचा पत्ता. शिल्पात डोळा जातो तो पट्टीच्या डौलदार वळणाकडे. बाया मात्र हरवतात. शिवाय तो शुभ्र रंग! १९०२ च्या ज्या कायद्याने ऑस्ट्रेलियन स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मत दिले, त्याच कायद्याने इथल्या आदिवासींना आणि आशियातून आलेल्यांना ते बहुतांशी नाकारले. हिंदुस्थानातून आलेल्यांना मत मिळाले १९२५ साली, आदिवासींना सरसकट १९६२ साली. म्हणजे व्हिडाबाई १९०३ मध्ये उभ्या होत्या तेव्हा, आपला एखादा पूर्वज रेवदंड्याहून इथे आलेला असता, तर त्याला त्यांना मत देता आले नसते. याचा दोष शिल्पावर किंवा १८९१ च्या अर्जावर नाही. पण एकविसाव्या शतकात गुंडाळी पुन्हा उलगडताना, जी नावे त्यात येऊच शकली नाहीत त्यांच्यासाठी थोडी कोरी जागा, निदान एखादी खाच, ठेवता आली असती असे आम्हांला वाटते.

तरी जरूर जा. जाण्यापूर्वी मुलांना मूळ अर्जातील नावे दाखवा. ती आता संगणकावर शोधता येतात. मग हिरवळीवर त्या पट्टीच्या कडेने चालताना मुले आपणहून प्रश्न विचारू लागतात.

परतताना आमच्या मनात दर वेळी डॉ. जेरुशा झिराड येतात. मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा त्यांनी वर्षानुवर्षे वाहिली, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यावर असे एखादे शिल्प आमच्या पाहण्यात नाही. उद्या कोणी करायला घेतलेच, तर चष्म्यासकट चेहरा घडवीत बसू नये. बाळंतिणींची नोंदवही घडवावी, आणि तीत नावे वाचता येतील एवढी मोठी असावीत.